तृतीय पुरुष, प्रथम पुरुष: चाकोरीबाहेरची कामेच्छा आणि मराठी साहित्यातील पिढीभेद

मराठी समीक्षेला 'पिढी' हा शब्द फार सोयीचा वाटत आला आहे. साठोत्तरी, नव्वदोत्तरी अशी विशेषणे लावली, की कालखंड, जाणीव आणि मूल्यदृष्टी या तिन्हींची एकदमच वासलात लागते. लैंगिकतेच्या संदर्भात तर ही सोय अधिकच मोहक ठरते. आजोबांची पिढी अज्ञानी, वडिलांची संकोची आणि मुलांची मोकळी, अशी एक चढती पायरी गृहीत धरली जाते आणि साहित्यकृती त्या पायऱ्यांवर क्रमाने मांडून ठेवल्या जातात. १९८१ साली धाडसी वाटलेले नाटक आजच्या विद्यार्थ्याला जुनाट वाटते याचा अर्थ समाज पुढे गेला, असा निष्कर्ष मग परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत सर्वत्र सहजपणे काढला जातो.

कायद्याच्या इतिहासातून या पायरीला आधार मिळेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण तो पुरता मिळत नाही. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातून सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे खासगी संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा उलट निर्णय दिला. अवघ्या ९ वर्षांत दोनदा दिशा बदलणाऱ्या या प्रवासाला पायरी म्हणणे कठीण आहे. साहित्याचा प्रवास तर याहूनही वाकडातिकडा आहे. विवाहमान्य स्त्री-पुरुषसंबंधाच्या चौकटीबाहेर पडणाऱ्या कामेच्छेकडे मराठीतील प्रौढ माणसे कशी पाहत आली, हे साहित्यातून तपासायचे झाल्यास 'कोण किती सहिष्णु होते' हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी या इच्छेविषयी कोणी, कोणाशी आणि व्याकरणातील कोणत्या पुरुषात बोलावे हे प्रत्येक पिढीने कसे ठरवले, असा प्रश्न विचारला पाहिजे. पिढ्यांमधील खरा भेद मतांपेक्षा निवेदनाच्या या व्यवस्थेत आढळतो.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ च्या आपल्या निबंधात पिढीची कल्पना वयापासून सोडवून घेतली होती. एकाच काळात जन्मल्यामुळे पिढी सिद्ध होत नाही. समान ऐतिहासिक स्थितीत सापडलेल्या माणसांनी त्या स्थितीला काही एक प्रतिसाद दिला की ती सिद्ध होते. आणि एकाच पिढीत परस्परविरोधी प्रतिसाद देणारे गटही असू शकतात. मराठीत ही मांडणी लक्षात ठेवण्याचे विशेष कारण असे, की आपल्याकडे लैंगिकतेविषयीची सर्वांत निर्भीड भूमिका कालक्रमाने सर्वांत आधीच्या पिढीतील एका माणसाची आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षे चालवले. ते मुळात गणिताचे अध्यापक; संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. वडील धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसला होता. म्हणजे पितापुत्र दोघेही आपापल्या काळी चाकोरीबाहेर गेले. पण वडिलांनी विवाहसंस्थेचे दार रुंद केले आणि मुलाने कामसुखाला विवाहाच्या दाराची गरजच काय, असे विचारले. वडील मुलाच्या मागे ९ वर्षे जगले. ही केवळ चरित्रातील एक हकिकत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. 'जुनी पिढी जाते, नवी येते' या आपल्या सोप्या कल्पनेला ती छेद देते. पिढ्या एकामागून एक येत नाहीत. त्या एकाच घरात, एकाच वेळी, एकमेकींकडे पाहत राहतात.

'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्याच्या मुळाशी कोणताही लेख वा कथा नव्हती. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेली उत्तरे होती. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांसारखे विषय त्या प्रश्नांत होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लोक अशा शंका विचारत असतील, तर त्यांना शास्त्राधारे उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. या प्रकरणाचे वैचारिक महत्त्व आता बरेच मान्य झाले आहे. अजित दळवी यांचे नाटक आणि त्याआधी अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट यांनी ते सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंतही नेले. वाङ्मयीन दृष्टीने मात्र वेगळाच मुद्दा लक्षणीय आहे. प्रश्नोत्तर हा द्वितीय पुरुषाचा लेखनप्रकार आहे. विचारणारा निनावी असतो, पण तो असतो. आणि उत्तर देणारा 'तुम्ही' म्हणून त्याच्याशी बोलतो. त्या स्तंभात चाकोरीबाहेरची इच्छा असलेला माणूस हा चर्चेचा विषय नसून संवादातील एक पक्ष आहे. पुढच्या जवळजवळ ५० वर्षांच्या ललित साहित्यात हे स्थान त्याला क्वचितच पुन्हा मिळाले.

याच सुमारास दुसरी एक व्यवस्था रंगभूमीवर नांदत होती. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांनी एका संपूर्ण मध्यमवर्गाला मोहिनी घातली. स्त्रियांनी त्यांच्या नेसण्या-माळण्याचे अनुकरण केले, पुरुषांनी त्यांच्या लावण्याची वर्णने केली. पुरुषदेहातील स्त्रीरूपावर पुरुषांनी उघडपणे लुब्ध व्हावे आणि त्याला 'कला' म्हणावे, ही सवलत आजच्या मोकळ्या म्हणवणाऱ्या प्रेक्षकालाही चटकन झेपणारी नाही. आजोबांच्या पिढीजवळ या सुखासाठी संज्ञा नव्हती, आणि संज्ञा नव्हती म्हणूनच ते सुख निर्धोक होते. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे' (१९७९) या नाटकाने हीच सवलत संपल्यानंतरचा काळ पकडला आहे. संगीत नाटकात दुय्यम स्त्रीभूमिका करणारा बर्वे आता उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर या कारकुनांच्या दिवास्वप्नात तो स्त्री होतो, त्याचे लग्न लागते, त्याला दिवस जातात. स्वप्न ओसरले की उरतो तो एक हिंसेला मोकळा सोडलेला देह. नाट्यगृहाच्या प्रकाशात जी गोष्ट आदरणीय होती ती खोलीच्या अंधारात लज्जास्पद झाली, एवढाच हा बदल नाही. ज्या पिढीने आनंद घेतला तिने त्या आनंदाचे दायित्व घेतले नाही, हा आळेकरांचा खरा आरोप आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग' (१९७८) मध्ये याच दायित्वाची किंमत पहिलवानी शरीराचा गुणा नाच्या होऊन मोजतो. तेथे जातीचा आणि गावाचा भार आणखी पडतो. बालगंधर्वांचे स्त्रीरूप आणि नाच्याचे स्त्रीरूप यांतील अंतर अभिनयाच्या प्रतीचे कमी आणि प्रेक्षागृहाच्या सामाजिक दर्जाचे अधिक होते, हे या दोन कृती शेजारी ठेवल्या की लपून राहत नाही.

सत्तरीच्या दशकातील रंगभूमीने मौन मोडले, असे सरसकट म्हटले जाते. मोडले हे खरे. पण कोणत्या पद्धतीने, हे पाहावे लागते. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) वरून झालेला वाद मुख्यतः सखारामच्या करारी सहजीवनाभोवती, भाषेभोवती आणि रंगमंचावरील दृश्यांभोवती फिरला. या नाटकात फौजदार शिंदे हे एक पात्र आहे. चंपाचा हा टाकलेला नवरा तिच्या मागोमाग येतो, तिच्या हातचा मार खातो आणि त्या माराचीच याचना करतो. लग्नात त्याने तिच्यावर केलेले अत्याचार आणि आता तिच्या पायाशी त्याने मागितलेली शिक्षा यांत कामसुखाचा एक विलक्षण गुंतलेला धागा आहे. नाटककाराने तो स्पष्ट दाखवला आहे. पण शिंदेला स्वतःविषयी बोलण्यासाठी भाषा दिलेली नाही. तो विव्हळतो, लोचटपणा करतो आणि रंगमंचाबाहेर ढकलला जातो. सखारामला स्वतःच्या तत्त्वज्ञानावर पानेच्या पाने बोलता येते. शिंदेची इच्छा मात्र केवळ बघण्याची वस्तू राहते. चाकोरीबाहेरच्या ज्या पुरुषाला तत्त्वज्ञान आहे तो बंडखोर, आणि ज्याला ते नाही तो विकृत, अशी ही विभागणी आहे. ती साठोत्तरी संवेदनशीलतेच्या बऱ्याच कृतींत आढळते आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'विकृती' हा शब्द त्या पिढीचा खास शब्द आहे. तो जुन्या 'पाप' या शब्दाच्या जागी आला आणि त्यात सहानुभूतीची सोय होती. कारण पाप्याला शिक्षा द्यावी लागते, विकृताला उपचार देता येतात. १९८२ च्या 'उंबरठा' या चित्रपटातील महिलाश्रमात दोन स्त्रियांचे संबंध उघडकीस येतात, तेव्हा चित्रपटाची सुधारणावादी नायिकासुद्धा उपचाराच्या भाषेपलीकडे जात नाही. फूकोने पाश्चात्त्य समाजाविषयी दाखवून दिलेली प्रक्रिया, म्हणजे कृतीचे रूपांतर व्यक्तिप्रकारात होणे, मराठीत काहीशी उशिरा आणि वैद्यकीय आस्थेच्या मार्गाने आली असे म्हणता येईल. मात्र ती तशीच्या तशी लावून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्याकडे धर्मपीठासमोर कबुली देण्याची परंपरा नाही. कबुली ऐकणारा असतो तो मित्र.

येथे 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकापाशी थांबणे भाग आहे. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. महाविद्यालयीन नाटकात पुरुषपात्र रंगवणारी मित्रा नायिकेचे काम करणाऱ्या नमाच्या प्रेमात पडते. बुजऱ्या बापूची खोली त्यांच्या भेटीची जागा होते. नमावर हक्क सांगणारा दळवी मित्राच्या पत्रांचा शस्त्रासारखा वापर करतो. नमा निसटते आणि मित्रा स्वतःचा अंत करून घेते. आजच्या विद्यार्थ्याचा या नाटकावरील आक्षेप ठरलेला असतो: समलिंगी स्त्रीला शेवटी मरावे लागते, तिला आक्रमक, पुरुषी दाखवले आहे, म्हणून नाटक प्रतिगामी आहे. जुन्या प्रेक्षकाचे कौतुकही असेच ठरलेले असते: त्या काळी असा विषय हाताळला हेच धाडस. दोघेही नाटकाला एका भूमिकेचा दस्तऐवज समजतात आणि दोघांचेही लक्ष मित्रावर असते. नाटक मात्र बापूचे आहे.

शीर्षकच पाहावे. 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'मित्रा-' होते. 'मित्रा' या स्त्रीच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लावला तरी रूप तेच राहते. म्हणून 'मित्राची गोष्ट' ही एका पुरुषमित्राची गोष्ट आहे आणि मित्रा नावाच्या स्त्रीचीही. मराठीत स्त्रीसाठी 'मैत्रीण' हा स्वतंत्र शब्द असताना तेंडुलकरांनी लिंग पुसट करणारे हे एकच रूप निवडले. नावापासूनच मित्राला कोणत्या लिंगाच्या व्याकरणात बसवायचे हा पेच उभा राहतो, आणि तो बापूचा पेच आहे. 'मित्र' हा बापू स्वतःही असू शकतो: मग ही त्याचीच गोष्ट ठरते. इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात मित्रत्व उरते, पण हा लिंगसंभ्रम नाहीसा होतो. तो मुळात मराठी विभक्तीतच होता.

बापू निवेदक आहे. मित्रा आपल्यापर्यंत येते ती त्याच्या तोंडून, तृतीय पुरुषात. मराठी व्याकरणाने स्त्रीलाही 'तृतीय पुरुष' म्हणावे हा योगायोग येथे बोलका आहे. तो तिला साहाय्य करतो, खोली देतो, निरोप पोचवतो; ती त्याला भोवऱ्यात ओढते याचा त्याला राग येतो आणि ती त्याला जवळ करते याचा अभिमानही वाटतो. शेवटी जेव्हा तिला केवळ मैत्रीची गरज असते, तेव्हा तो मागे सरतो. तिच्या मृत्यूचे कारण तिची 'विकृती' आहे, दळवीची पत्रे आहेत, की बापूचा हा नकार आहे, हे नाटक प्रेक्षकासमोर उघडे ठेवते. शिवाय नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व महाविद्यालयीन जीवनाचा आहे आणि प्रयोगाचा काळ १९८१ चा. म्हणजे एक पिढी आपल्या आधीच्या पिढीच्या सभ्यतेची साक्ष काढते आहे. बापू त्या काळच्या सुशिक्षित, सहृदय, भल्या माणसाचा नमुना आहे: त्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत, उपदेश करायचा नाही, समजून घ्यायचे आहे. आणि त्याची ही समजच अपुरी पडते. सहानुभूती अपुरी का पडते हे दाखवणाऱ्या नाटकाला सहानुभूतीच्या मापाने प्रतिगामी किंवा पुरोगामी ठरवणे ही वाचनाची चूक आहे, आणि ती दोन्ही पिढ्यांनी सारख्याच उत्साहाने केली आहे.

मित्रा प्रेमळ आहे तशी वर्चस्व गाजवणारीही आहे; नमाच्या इच्छेची ती नेहमीच कदर करते असे नाही. हा दोष नाटककाराच्या पूर्वग्रहाच्या खात्यावर सरळ मांडता येतो. पण कामेच्छा चाकोरीबाहेरची असली म्हणून ती निर्मळच असली पाहिजे, ही अट कोणी घातली? चाकोरीतील प्रेमकथांच्या नायकांना ती कधीच लागू नव्हती.

बापूच्या खोलीविषयी येथेच एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. मराठी मध्यमवर्गाच्या लैंगिक मतांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या खोल्यांविषयी फार थोडे. चाळीतील दहा बाय बाराच्या जागेत किंवा वाड्याच्या दोन खणांत जिथे नवराबायकोलाच एकांत नव्हता, तिथे चाकोरीबाहेरच्या इच्छेला उसनी खोली लागे, आणि खोली उसनी असली की साक्षीदार आलाच. तृतीय पुरुषी निवेदनाचे एक कारण वास्तुशास्त्रीय आहे, असे म्हटल्यास ते केवळ चमत्कृतीसाठी ठरू नये.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीतही मध्यवर्ती जागा एक खोलीच आहे; पण ती आता घरातल्या घरात भाड्याने दिलेली आहे. एका मध्यमवर्गीय कुटुंबात एक तरुण राहायला येतो. मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही. एके दिवशी अनुजा त्याच्यासोबत घर सोडून जाते आणि काही काळाने एकटी परतते. कादंबरीचे दोन भाग आहेत: पहिला तनयचा, दुसरा अनुजाचा. दोन्ही प्रथमपुरुषी. भाडेकरूला नाव नाही.

तनयचे निवेदन त्या निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून आहे, आणि येथे मराठीच्या क्रियापदाने मोठीच कामगिरी बजावली आहे. इंग्रजीत प्रथम आणि द्वितीय पुरुष लिंगनिरपेक्ष असतात. प्रेमपत्र कोणी कोणाला लिहिले हे अखेरपर्यंत झाकून ठेवता येते. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले', 'तू आलास' आणि 'तू आलीस' हे भेद टाळताच येत नाहीत. एका पुरुषाने दुसऱ्याला 'तू आलास' असे प्रेमाने म्हणताच सगळे सांगून होते; वेगळी कबुली, वेगळे स्पष्टीकरण, वेगळा 'विषय' उरत नाही. आधीच्या पिढ्यांना तृतीय पुरुषाचा आडोसा का हवा होता याचे आणखी एक उत्तर या भाषिक वस्तुस्थितीत आहे. आपली भाषा निवेदकाला लपू देत नाही. कुंडलकरांनी हा आडोसा काढून टाकला आणि तरीही त्याचा गाजावाजा केला नाही. तनय आपण कोण आहोत याची घोषणा करत बसत नाही, तो दुःख करतो. ३७७ वे कलम अजून जसेच्या तसे असताना लिहिलेली ही कादंबरी त्या कलमाशी वाद घालण्यात आपली शक्ती खर्च करत नाही, हे तिच्या प्रौढपणाचे लक्षण आहे.

या कादंबरीतील आईवडिलांची पिढी पाहण्यासारखी आहे. मुलगी परपुरुषासोबत पळून गेली ही आपत्ती त्यांना तत्काळ कळते. तिच्यासाठी घरात भाषा तयार आहे, अब्रू, लग्न, नातेवाईक, शेजार असा सगळा शब्दसंग्रह हाताशी आहे. मुलाचाही तोच पुरुष होता, आणि त्याचेही तेवढेच गेले आहे, हे मात्र त्यांना दिसत नाही. त्यांच्याकडे विरोधासाठीसुद्धा शब्द नाहीत. परिणाम विचित्र होतो: चाकोरीतील इच्छेने मर्यादा ओलांडली म्हणून मुलीला शिक्षा, आणि चाकोरीबाहेरची इच्छा दिसलीच नाही म्हणून मुलाला अभय, पण शोक करण्याची परवानगी नाही. हे अभय म्हणजे मान्यता नव्हे. तरीही याच आंधळ्या अभयाखाली कित्येक आयुष्ये त्या पिढीत निभावून गेली असली पाहिजेत. 'त्याचं तसंच आहे' एवढे म्हणून विषय मिटवणाऱ्या घरांनी क्रौर्य केले आणि आश्रयही दिला. नव्या पिढीने प्रत्येक गोष्टीला नाव दिले तेव्हा क्रौर्याला आळा बसण्याची शक्यता निर्माण झाली, पण आश्रयही संपला; कारण ज्याला नाव आहे त्याला होकार किंवा नकार द्यावा लागतो. २०२२ मध्ये लेखकानेच या कादंबरीचा चित्रपट केला तेव्हा कथा केरळात हलली आणि मराठीही राहिली नाही. त्या मराठी घरातील न दिसण्याचा हा विशिष्ट पोत तिथे पातळ झाला, असे म्हणावे लागते.

नावे आणि संज्ञा यांच्याबरोबर कसोटीही बदलली. जुन्या पिढीची कसोटी 'नैसर्गिक–अनैसर्गिक' ही होती. तिच्यात समलिंगी प्रेम, शिंदेची मार खाण्याची ओढ, बर्व्याचे साडी नेसणे हे सगळे एकाच गाठोड्यात बांधले जाई. नव्या पिढीची कसोटी 'संमती' ही आहे. तिने गाठोडे सोडवले हे तिचे श्रेय मोठे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ३७७ ला समांतर कलमच नाही. त्यामुळे 'निसर्गक्रमाविरुद्ध' या शब्दप्रयोगाचा दंडविधानातील दीर्घ संसार संपला. पण पुरुषावर पुरुषाने केलेल्या बळजोरीसाठी असलेले एक कलमही त्याच झटक्यात गेले. म्हणजे निसर्गाची कसोटी गेली तेव्हा संमतीची कसोटी तिच्या जागी पुरती बसवली गेली नाही. आणि संमती हा शब्द दोन सज्ञान प्रौढांची कल्पना गृहीत धरतो. मराठी घरात 'प्रौढ' ही अवस्था कितपत अस्तित्वात आहे? आपल्याकडे हा शब्द परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रात आणि साक्षरतेच्या वर्गांत भेटतो. घरात फक्त 'मोठे' आणि 'लहान' असतात, आणि मोठे हयात असेतो चाळिशीचा मुलगाही लहानच असतो. प्रौढांच्या दोन पिढ्यांमधील मतभेद असे ज्याला म्हणायचे तो आपल्या कथनात्म साहित्यात बहुधा एका प्रौढाने दुसऱ्याला प्रौढ मानण्यास दिलेल्या नकाराच्या रूपात येतो.

२००० नंतरच्या लेखनात प्रथम पुरुषाचा जो ओघ आला, त्याला ही पार्श्वभूमी आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (२०१२) या शीर्षकातच 'मी' दोनदा येतो; आणि असे आत्मकथन शब्दबद्ध करताना मराठीत प्रत्येक वाक्यागणिक क्रियापदाचे लिंग निवडावे लागते, ही निवड लेखनातील सर्वांत मूलभूत कृती ठरते. बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्यांचे लेखन कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांशी नाते सांगणारे, प्रबोधनाचे आहे. हे सारे मोलाचे आहे. तरीही या प्रथम पुरुषाची एक मर्यादा समीक्षेने स्पष्ट सांगायला हवी. साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या 'मी'ला आपली बाजू मांडायची असते. त्याला मित्रासारखे क्रूर, शिंदेसारखे ओशाळवाणे, बर्व्यासारखे हास्यास्पद होणे परवडत नाही. इच्छेतील जो अंधार तृतीय पुरुषाला, पूर्वग्रहांसकट का होईना, दिसत होता, तो हक्काच्या भाषेत बोलणाऱ्या प्रथम पुरुषाच्या हातून निसटतो. नव्या लेखनातील कित्येक नायक इतके निर्दोष असतात की त्यांना कसलीच इच्छा आहे यावर विश्वास बसत नाही. 'कोबाल्ट ब्लू' यातून सुटते. कारण तनयचे प्रेम थोडे स्वार्थी, थोडे आंधळे आहे, आणि त्याच्या 'मी' शेजारी बहिणीचा दुसरा 'मी' उभा आहे.

या सर्व लेखनात मोठ्या पिढीला मात्र अद्याप 'मी' मिळालेला नव्हता. ती पिढी मुलांच्या निवेदनात अडथळा म्हणून येते, दार ठोठावते, लग्नाचे विचारते. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या छोट्या नाटकाचे वेगळेपण येथे आहे. २००८ मध्ये अकाली गेलेल्या या नाटककाराने समलिंगी मुलाच्या आईला बोलते केले. ती सुधारक नाही, खलनायिकाही नाही. मुलाचे सांगणे तिला कळत नाही, मग त्याची डायरी तिच्या हाती येते. रंगमंचावर एकटी अभिनेत्री असते. आईचे स्वतःचे बोलणे स्त्रीलिंगी क्रियापदांत चाललेले असते आणि डायरी वाचू लागताच तिच्या तोंडी मुलाची पुल्लिंगी क्रियापदे येतात. बाईच्या आवाजात 'मी गेलो', 'मी थांबलो', 'मी बोललो नाही' अशी रूपे ऐकताना प्रेक्षकाला क्षणभर व्याकरण चुकल्यासारखे वाटते. ती वाचत राहते.